घरभर पॅकला डोमाजी केबलचं उत्तर

घाटंजी
८ जुलै २०२५

धम्मरत्न,
जय भीम.

तू माझा फोन उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे रजिस्टर पोस्टाने धाडते आहे. पत्ता तुझ्या पुण्याच्या ऑफिसचा टाकला आहे. घरचा पत्ता तू कधी दिला नाहीस आणि मी तो मागणारही नाही. यवतमाळ जिल्ह्यातून कोण्या बाईचं पाकीट आलंय म्हणून तिथले लोक बघतील. बघू दे. सही करून घे.

काल सकाळी मी दळण घेऊन निघाले आणि फोन वाजायला लागला. ‘अभिनंदन! घरभर पॅकमध्ये आपले स्वागत आहे. दोनशे चॅनल, इंटरनेट आणि चौदा ॲप, सगळे एकाच रिचार्जमध्ये. सुरू करण्यासाठी हा ओटीपी सांगा.’ एक आला, दुसरा आला. गिरणीपर्यंत पोचेस्तोवर नव्वद झाले. दुपारपर्यंत चारशे बारा. फोन तापून बंद पडला, तो चार्जिंगला लावून मी एकेक नाव वाचलं. सगळी आपल्या केबलची घरं. मानीबाईच्या नावाखाली माझा नंबर, नव्या वस्तीतल्या अख्ख्या ओळीखाली माझा नंबर, एवढंच काय, आपल्या आईच्या नावाखालीही माझाच.

मग मला बुद्ध पौर्णिमा आठवली. तू दोन वर्षांनी घरी आला होतास. ‘ताई, तुझा प्रिंटर अडकतो, बघून देतो,’ म्हणत ऑफिसच्या कॉम्प्युटरपुढे अर्धा तास बसलास. मी आत खीर ढवळत होते आणि मनात म्हणत होते, चला, पोरगा केबलच्या खुर्चीत बसला तरी. प्रिंटर अजून अडकतोच. आपल्या ग्राहकांची यादी मात्र पुण्याला पोचली.

चोरी म्हणायला जीभ अडते, पण दुसरा शब्द सापडत नाही.

आता थोडं हसून घे, कारण मीही हसले. बाबांनी खांब पुरून तार ओढली तेव्हा माणसाचं नाव सांगितलं की पुरायचं. डिजिटल बॉक्स आले आणि प्रत्येक घराचा मोबाइल नंबर लिहून मागू लागले. ज्यांच्याकडे फोन नव्हता, ज्यांच्या घरचा एकुलता फोन कामाला गेलेल्या पोराबरोबर सुरतेला होता, जे म्हणाले, ‘तुयाच टाक ना व, काही बिघडलं तं तूच येशीन,’ त्या सगळ्यांपुढे मी माझा नंबर टाकला. तू तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतास. घरी असतास तर तुला ठाऊक असतं, आणि यादी नेताना ती आधी तपासली असतीस.

म्हणजे तुझ्या कंपनीच्या लेखी घाटंजीतल्या चारशे बारा घरांचा मालक एकच माणूस आहे आणि तो माणूस मी आहे. मी एकही ओटीपी सांगणार नाही. तुझ्या साहेबांना सांग, ग्राहकाचा मूड नाही.

ममता


घाटंजी
२६ जुलै २०२५

धम्मरत्न,

पोचपावती आली. सही तुझीच आहे, ‘ध’ अजून तसाच तिरका काढतोस. उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी यवतमाळहून रुपाली आली.

तुमच्या कंपनीची ही पोरगी गुणाची आहे. स्कूटीवरून एवढ्या लांब आली, आल्या आल्या आईच्या पाया पडली. चहा झाल्यावर म्हणाली, “मॅडम, सरांनी सांगितलं की तुम्ही समजून घ्याल.”

“कोण सर?”

“धम्मरत्न सर.”

आई आतून म्हणाली, “सर झाला काय तो? इथं असला तं चड्डीची नाडी बी ममताच बांधून दे.” रुपालीने मान खाली घातली, पण तिला हसू आवरलं नाही. तुझी ऑफिसातली इज्जत तेवढी कमी झाली, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

तिने करार पुढे ठेवला. चारशे बारा घरांचे खरे नंबर द्यायचे आणि सही करायची. पुढे मी केबलची मालक राहणार नाही, कंपनीची ‘सेवा भागीदार’ होईन. मुकुटबनच्या केबलवाल्या देवीलालने मागच्या वर्षी अशीच सही केली, म्हणून मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, “ममताबाई, पगार टाइमावर भेटते, त्याचं खोटं कायले बोलू? पण पंधरा वर्सं ज्याइच्या घरी गेलो, ते आता मले इचारतात, तुमी कंपनीकडून आले काय?”

तुझी योजना मी तीनदा वाचली. हुशार आहेस, हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही. नुसता टीव्ही घेतला तर जवळपास तेवढाच रिचार्ज आणि घरभर घेतला तर थोडासाच जास्त. मग नुसता टीव्ही कोण घेईल? म्हातारा बातम्यांसाठी, सून मालिकांसाठी, पोरगा क्रिकेटसाठी आणि पोरगी परीक्षेच्या व्हिडिओंसाठी, असं घरातलं प्रत्येक माणूस वेगळ्या दाव्याने बांधायचं. त्यातला एक म्हणाला ‘बंद करू’, की बाकीचे तिघं त्याच्या अंगावर येतात. तुझ्या कागदावर याला ‘ग्राहक टिकाव’ म्हटलंय. ॲपवाल्यांनाही तुम्ही लागताच, कारण त्यांचं सुटं ॲप घाटंजीत कोणी विकत घेत नाही. तुमच्या टोपलीत बसून ते फुकटात आपल्या गल्लीत शिरतात. आणि टोपली ज्याची, घराचा नंबर त्याच्याकडे. कोण काय बघतं, किती वाजता बघतं, काय अर्धवट सोडतं, सगळं त्याला कळतं. पिक्चर विकणं हा तुमचा धंदाच नाही, तुम्हाला घर पाहिजे आहे.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. माझी समीक्षा त्यातलीच एक मालिका फोनवर बघते आणि बारावीचा अभ्यास बाजूला ठेवते. मीही कधी कधी तिच्या खांद्यावरून बघते. चांगली आहे.

माझं भांडण एका गोष्टीशी आहे. आज आपल्या गावात टीव्ही लावला की आधी एक नंबर लागतो, आणि एक नंबरवर डोमाजी केबल असते. कापसाचा भाव, नळ कधी येणार, कोणाची म्हैस सुटली, कोणत्या शाळेचं गॅदरिंग, चौदा एप्रिलची मिरवणूक. आणि खाली सरकणारी पट्टी, त्यात कोण वारलं, माती किती वाजता, कुठून निघणार. बाबा गेल्यानंतर तीन वर्षं ती पट्टी मी स्वतः टाइप करते. तुमच्या बॉक्समध्ये टीव्ही लावला की आधी कंपनीचं पान उघडतं, रंगीबेरंगी, पिक्चरच पिक्चर. मी रुपालीला म्हटलं, सोबत आणलेल्या बॉक्सवर आमचा चॅनल दाखव. बिचारी चार मिनिटं शोधत होती. नऊशे अठ्ठ्याण्णववर सापडला, भजनाच्या आणि दागिने विकणाऱ्या चॅनलच्या मध्ये.

सही केली तर हे जातं. सही नाही केली तर आपल्या केबलला येणारा दोनशे चॅनलचा सिग्नल तुम्ही बंद कराल आणि अख्खी केबल जाते. दोन्ही मला समजलं आहे. करार मी चहाच्या कपाखाली ठेवला होता, त्यावर गोल डाग पडला आहे. तसाच परत पाठवला.

तुला काही बोलायचं असेल तर माणसं पाठवू नकोस.

ममता


घाटंजी
१९ ऑगस्ट २०२५

धम्मरत्न,

आज तुला दोन शब्द सुनवावेत असा जोर अंगात नाही. तरी लिहायला बसले, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

सायकलवाला फकिरा शुक्रवारी सकाळी गेला. तुझी पहिली सायकल त्यानेच जोडून दिली होती, पुढचं चाक एका कंपनीचं आणि मागचं दुसऱ्या. मी नऊ वाजता पट्टी लावली. माती दुपारी एकला, राहत्या घरून. लोक आले, बरेच आले. किसनराव आले नाहीत.

जिनिंगवाले किसनराव आणि फकिरा, हे दोघं चाळीस वर्षं बसस्टँडवर एका बाकावर बसून चहा पीत आले. बाजाराच्या दिवशीसुद्धा त्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. शनिवारी किसनराव नेहमीसारखे बाकावर जाऊन बसले आणि चहावाल्याला म्हणाले, फकिऱ्या कुठं मेला? चहावाल्याने सांगितलं.

तिथून ते थेट माझ्याकडे आले. बसले नाहीत. “ममता, मी टीव्हीसमोरच बसून होतो व. सकाळपासून बसून होतो. तुयी पट्टी मले कोठी दिसलीच नाही. टीव्ही लावला का ते हिरो-हिरोइनी येतात अन् म्हणतात हे पाहा, ते पाहा. मी पाहत बसलो. माया मानसाले लोकाइनं उचलून नेलं, अन् मी पिच्चर पाहून राह्यलो होतो!”

मी म्हटलं, “काका, कोणी फोन नाही केला?”

“फोन कायले करतीन? सगळ्याइले वाटलं, पट्टी आहे तं किसनानं पाह्यलीच असन.”

हे खरं आहे, धम्मरत्न. कोणाची चूक म्हणायची? आपल्या गावात मयताचा फोन कोणी करत नाही, कारण पट्टी आहे. ही सवय बाबांनी लावली आणि मी सांभाळली.

आता जे लपवलं होतं ते लिहिते. किसनरावांच्या घरी तुमचा बॉक्स कोणी लावला? मी. जूनमध्ये रुपाली पहिल्यांदा आली होती, मागच्या महिन्यात नाही. ती म्हणाली, आधी तीस घरांत लावून बघू. तिच्या माहितीपत्रकावर खाली बारीक अक्षरात तुझं नाव छापलेलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि चष्मा पुसायला लागली. माझ्या भावाची योजना आहे, ती आपल्या गावात आधी चालली पाहिजे, असं माझ्या मनात आलं. तीस घरं मी निवडली, बॉक्स मी लावले, ओटीपी मी सांगितले. टीव्ही लावल्यावर आधी काय दिसतं हे तेव्हा मी तपासलंच नाही. आपल्या घरी तो बॉक्स नव्हता. मग जुलैमध्ये, या तीस घरांसकट अख्खी यादी तू न विचारता नेलीस हे कळलं, आणि माझा राग एवढा वाढला की या तीस घरांचं नाव मी दोन्ही पत्रांत काढलं नाही, आणि आधी कंपनीचं पान उघडतं हे रुपालीने दाखवल्यावरही त्यांना सांगायला गेले नाही.

रविवारी मी ते तीस बॉक्स परत गोळा करायला निघाले. एकोणतीस घरांनी मुकाट दिले. मानीबाईने दिला नाही. निंदणावरून आली होती, पाय धूत होती.

“नेऊ नको व. मले त्यातले पिच्चर आवडतात.”

मी किसनरावांचं सांगितलं. ती म्हणाली, “वाईट झालं. पण माया बॉक्स त्याच्यासाठी कायले नेत? अन् मले एक सांग. लेकीनं मले फोन घेऊन देल्ला, त्याले दोन वर्सं झाले. तरी माया घरच्या कनेक्शनले तुया नंबर काहून? मले काही चालू कराचं असलं का तुले इचारा लागते. तू बाजारात असली का मी बसून राह्यतो. तुवं कधी इचारलं मले, का मानीबाई, आता तुया नंबर टाकू काय?”

मी दारात उभी होते, हातात एकोणतीस बॉक्सची पिशवी.

मी तुला चोर म्हटलं. ते मागे घेत नाही, यादी तुझी नव्हतीच. पण ती माझीही नव्हती. चारशे बारा घरं माझ्या फोनात बंद होती आणि मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं की ओटीपी देणार नाही. कोणाचे ओटीपी? मानीबाईचे. तू लोकांना चौदा ॲपच्या दाव्याने बांधतोस आणि मी त्यांना माझ्या दहा आकड्यांत बांधून ठेवलं होतं. मला याची फार लाज वाटली. दोन दिवस मी पट्टी टाइप केली, पण मान वर करून कोणाकडे पाहिलं नाही.

आज ठरवलं आहे. घरोघर जाणार.

ममता


घाटंजी
२० सप्टेंबर २०२५

धम्मरत्न,

एकोणीस दिवस लागले. चारशे बारा घरं पायी फिरले. काही घरी तीनदा जावं लागलं, कारण माणसं शेतातून परतेपर्यंत मी दुसऱ्या टोकाला असायचे. प्रत्येक दारात एकच बोलले, पाठ झालंय: “तुमच्या कनेक्शनवर माझा नंबर होता, तो आज काढते. तुमचा सांगा. घरभर पॅक पाहिजे तर ओटीपी आता तुमच्या फोनवर येईल, मला विचारायची गरज नाही. त्यात पिक्चर चांगले आहेत. पण टीव्ही लावल्यावर एक नंबर आधी दिसणार नाही, पट्टी शोधावी लागेल. काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.”

तुझी ताई कंपनीची जाहिरात करत फिरली, फुकटात. रुपालीला हे कळलं तेव्हा तिने फोन करून विचारलं, “मॅडम, तुम्ही असं का करता आहात?” मी म्हटलं, तुझ्या सरांना विचार, ते मला ओळखतात.

एकशे सदतीस घरांनी घरभर घेतला. नव्या वस्तीतली अर्धी ओळ गेली. आपल्या मामाच्या घरानेही घेतला आणि मामी दोन दिवस मला टाळत होती. मी तिच्या घरी जाऊन जेवून आले. जायचं त्याने जावं. विचारून गेलेला माणूस उद्या विचारून परतही येतो.

पण मानीबाई मला तशी सोडणार नव्हती. तिने घरभर आता स्वतःच्या नंबरवर घेतला आणि म्हणाली, “आता तू माया एक काम कर. कंपनीले अर्ज लिही. पिच्चर पाह्यजे, अन् टीव्ही लावला का पह्यले डोमाजीची केबल बी पाह्यजे. पैसे आमी देतो, तं पह्यलं पान कोनाचं, हे ते काहून ठरवतीन?” मी लिहून दिलं. पहिली सही तिची. मग ती स्वतः अर्ज घेऊन फिरली. घरभर घेतलेल्या एकशे सदतीस घरांपैकी एकशे एकवीस घरांनी सही केली. शेवटी किसनरावांनी केली. त्यांच्या घरी आता तुमचा बॉक्स नाही, तरी केली. मी म्हटलं, काका, तुम्ही यात बसत नाही. ते म्हणाले, “फकिऱ्याच्या वतीनं समज.”

तो अर्ज कंपनीला गेला आणि काल त्याचं उत्तर आलं. करारावर सही केली नाही म्हणून ११ ऑक्टोबरला घाटंजीचा सिग्नल बंद. पहिल्या पानाबद्दल एक ओळ नाही. खाली तिरका ‘ध’.

म्हणजे एवढी पत्रं झाली आणि तुझं पहिलं उत्तर हे.

संध्याकाळी तू आईला फोन केलास, हेही मला कळलं. मला नाही, आईला. ‘ताईला समजाव, मी तिच्यासाठी चांगली जागा ठेवली आहे, ती ऐकत नाही.’ आई तुला काय म्हणाली ते तुला माहीत आहे, पण फोन ठेवल्यावर मला काय म्हणाली ते लिहिते. ती म्हणाली, “त्याचं बी खरं असन. तो बी नोकरी करून राह्यला. पन तू सही नको करू.” मी विचारलं, का? ती म्हणाली, “त्याइले तुयी सही पाह्यजे म्हणून तं एवढं करून राह्यले. ज्याची येवढी किंमत आहे, ते कायले देत?”

तर ऐक. मी सही करत नाही. आज नाही, अकराला नाही आणि त्यानंतरही नाही. तुझी जागा दुसऱ्या कोणाला दे.

सिग्नल पुण्यात बसून एका बटणाने बंद करता येतो, हे मला माहीत आहे. मी तसं होऊ देणार नाही म्हणत नाही, माझ्या हातात ते नाही. कंपनीचे दोनशे चॅनल जातील. एक नंबर जाणार नाही. तो माझ्या टेबलावरून निघतो, बाबांच्या त्या जुन्या मशीनमधून, आणि त्याला पुण्याची तार लागत नाही. दोनशे पंचाहत्तर घरांत टीव्ही लावला की फक्त डोमाजी केबल दिसेल. किती दिवस लोक तेवढ्यावर राहतील? मला माहीत नाही. कदाचित महिनाभर, कदाचित आठ दिवस. क्रिकेट सुरू झालं की बरेच जातील. मी एकेकाचा नंबर लिहून ठेवला आहे, त्यांचा स्वतःचा, आणि जाताना मी कोणालाही अडवणार नाही.

फक्त एक मागते, आणि हे मागणं नाही, आव्हान आहे. बटण दाबू नकोस. तू ये. अकरा तारखेला, दिवसाउजेडी, कंपनीचा शर्ट घालून. तुमची तार आपल्या दाराजवळच्या खांबावरून उतरते, बाबांनी पुरलेल्या. त्या खांबावर चढ आणि पकडीने स्वतःच्या हाताने काप. मी ते एक नंबरवर थेट दाखवणार आहे. किसनराव बघतील, मानीबाई बघेल, मामी बघेल. तुला जर वाटतं की हे गावाच्या भल्याचं आहे, तर गावासमोर करायला काय हरकत आहे? आणि वर चढल्यावर तुझा हात थांबला, तर तेही थेटच दिसेल.

आई त्या दिवशी स्वयंपाक करणार आहे. मी म्हटलं, तो लाइन कापायला येतो आहे. ती म्हणाली, “येऊन तं राह्यला.”

घरची शिडी जुनी झाली आहे, एका बाजूने हलते. घाबरू नकोस. तू वर असशील तोवर ती मी धरून उभी राहीन.

तुझी ताई,
ममता